स्वस्त ऑइल, महाग ऑइल आणि डब्याच्या मागची दीडशे वर्षं

ज्यांना लोकलच्या गर्दीत धड ऐकू येत नाही आणि ज्यांना ऑफिसात मीटिंग चालू असताना गुपचूप वाचायचं असतं, अशा दोघांसाठी नेहमीप्रमाणे या भागाचं लिखित रूप. बोलताना मी जितक्या वेळा 'म्हणजे' म्हणालो, त्यातले निम्मे गाळलेत. बाकी बोललो तसंच आहे.

आजचा विषय इंजिन ऑइल. हसू नका. मागच्या महिन्यात एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. पिंपरीत फूड डिलिव्हरी करतो, दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर गाडी पळते, आणि गाडी अजून हप्त्यावर आहे. त्याचा प्रश्न सरळ होता : "दादा, दुकानदार म्हणतो नऊशेचं फुल सिंथेटिक टाक. मेकॅनिक म्हणतो साडेतीनशेचं चालतंय की. खरं कोण बोलतंय?" आपल्यासाठी हा फार तर वीकेंडचा वाद. त्याच्यासाठी इंजिन उघडावं लागलं तर आठ दिवसांची कमाई बंद, वर कामाचा खर्च, आणि हप्ता काही थांबत नाही.

मी पडलो कॉम्प्युटरवाला. मेकॅनिकलचे मित्र आहेत, पण त्यांच्यातच तीन गट निघाले. मग मला वेगळाच प्रश्न पडला. तेल चांगलं की वाईट हे डोळ्यांनी दिसत नाही, वास घेऊन कळत नाही, आणि इंजिनाला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. तांदूळ दाताखाली धरून बघता येतो, आंबा हुंगता येतो. ऑइलचं काय करणार? तरी गेली दीडशे वर्षं लोक ते विकत घेतायत. मग भरवसा ठेवतात तरी कशावर? आजचा भाग त्यावर.

एरंडेल आणि डॉक्टरसाहेब

सुरुवात एरंडेलापासून. हो, तेच, जे पाजायचं म्हटलं की घरातली पोरं पळून जायची. खनिज तेल येण्याआधी वंगण म्हणजे एक तर प्राण्यांची चरबी, नाही तर बियांचं तेल. बैलगाडीच्या आसाला तेच आणि वाफेच्या इंजिनालाही तेच. अडचण अशी की उष्णता वाढली की ही तेलं डिंकासारखी चिकट व्हायची आणि इंजिनाचे व्हॉल्व्ह अडकायचे.

१८५९ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात, टायटसव्हिल इथे एडविन ड्रेकने विहीर खोदून खनिज तेल काढलं. सगळ्यांचं लक्ष रॉकेलकडे होतं, कारण दिव्यासाठी तेच विकलं जायचं. जॉन एलिस नावाच्या एका डॉक्टरने मात्र या तेलाचा औषधाला काही उपयोग होतो का ते बघायला घेतलं. औषध म्हणून फारसं काही हाती लागलं नाही, पण अडकलेले व्हॉल्व्ह या तेलाने मोकळे चालतात हे त्याच्या लक्षात आलं. १८६६ मध्ये त्याने कंपनी काढली आणि १८७३ मध्ये 'व्हॅल्व्होलिन' हे नाव नोंदवलं. व्हॉल्व्हसाठीचं तेल म्हणून व्हॅल्व्होलिन. त्याच १८६६ मध्ये रोचेस्टर इथे व्हॅक्युम ऑइल कंपनी निघाली, आणि पुढे 'मोबिल' हे नाव तिच्याच घराण्यातून आलं.

इथे एक गोष्ट बघा. तेल पिंपात जायचं. कारखान्यापासून गिऱ्हाइकापर्यंत ते चार हातांतून जायचं, आणि मधल्या कुणी त्यात काय मिसळलं हे कुणालाच कळायचं नाही. म्हणून नाव हवं होतं. नाव म्हणजे 'काही बिघडलं तर कुणाला धरायचं' याचा पत्ता. ब्रँड हा प्रकार आपल्याला आज जाहिरातीचा वाटतो, पण तेलाच्या धंद्यात तो आधी हमीचा होता.

नाव इतकं मुरतं की वस्तूच त्या नावाची होऊन जाते. आपल्याकडे वनस्पती तुपाला लोक वर्षानुवर्षं डालडाच म्हणत आले. बंगालीत आजही इंजिन ऑइलला, मग ते कुठल्याही कंपनीचं असो, 'मोबिल' म्हणतात.

व्हॅक्युम ऑइलमध्येच काम केलेल्या चार्ल्स वेकफील्डने १८९९ मध्ये लंडनला स्वतःची कंपनी काढली. १९०९ मध्ये त्यांनी मोटारी आणि विमानांसाठी खनिज तेलात एरंडेल मिसळलेलं नवं तेल आणलं. एरंडेलाला इंग्रजीत कॅस्टर ऑइल, म्हणून नाव ठेवलं 'कॅस्ट्रॉल'. तुम्ही आयपीएलच्या मधल्या जाहिरातींत बघता ते नाव मुळात एरंडेलावरून आलंय!

पहिल्या महायुद्धात तर एरंडेलाचं राज्यच होतं. त्या वेळच्या बऱ्याच विमानांत रोटरी इंजिन असायचं. म्हणजे अख्खं इंजिनच पंख्याबरोबर गरागरा फिरायचं. त्यात पेट्रोलची वाफ आणि वंगण एकाच जागेतून जायचं. खनिज तेल पेट्रोलमध्ये विरघळून पातळ होतं, एरंडेल सहसा विरघळत नाही, म्हणून एरंडेल. ते एकदा वापरलं की धुराबरोबर बाहेर फेकलं जायचं, थेट पायलटच्या तोंडावर. तासन् तास एरंडेलाचे तुषार श्वासात गेल्यावर पोटाचं काय होत असेल ते सांगायला नको. अमेरिका युद्धात उतरली तेव्हा एरंडेल पुरेना, म्हणून आशियातून एरंडीचं बी नेऊन तिथल्या शेतकऱ्यांना लावायला दिलं गेलं. पण एरंडेलाचा जुना दोष गेला नव्हता. ते इंजिनात चिकट थर धरायचं आणि इंजिन वारंवार खोलून साफ करावं लागायचं. विमानासाठी सरकार ते करायचं. मोटारवाल्याला कसं परवडणार?

आकडा आला, पण अर्धाच

मोटारी वाढल्या तशी पंचाईत वाढली. प्रत्येक कंपनी म्हणायची 'आमचं हलकं', 'आमचं मध्यम', 'आमचं जड'. एकाचं मध्यम ते दुसऱ्याचं जड. तेव्हा १९११ मध्ये अमेरिकेतल्या ऑटोमोबाइल इंजिनियरांच्या संस्थेने, म्हणजे एसएईने, तेल किती घट्ट किती पातळ याचं मोजमाप ठरवायला सुरुवात केली. आज डब्यावर २०डब्ल्यू-४० लिहिलेलं असतं ते त्याच झाडाचं फळ. डब्ल्यू म्हणजे विंटर. थंडीत ते २० नंबरच्या तेलासारखं वागतं आणि इंजिन तापल्यावर ४० नंबरसारखं.

हा आकडा फक्त घट्टपणा सांगतो. दर्जा सांगत नाही. स्वस्तातलं भंगार तेलही २०डब्ल्यू-४० असू शकतं आणि उत्तम तेलही. गॅरेजमध्ये सर्वात जास्त घोळ इथेच होतो. 'नंबर सेम आहे ना, मग झालं' असं म्हणतात. शर्टाची साइज सेम आहे म्हणून कापड सेम होत नाही.

दरम्यान नकलीचा धंदा तेव्हाही होताच. पेनसिल्व्हेनियाचं कच्चं तेल वंगणासाठी उत्तम मानलं जायचं, मग कुठलंही तेल 'पेनसिल्व्हेनिया' म्हणून खपवलं जाऊ लागलं. शेवटी १९२३ मध्ये तिथल्या उत्पादकांनी संघटना केली आणि स्वतःचा शिक्का काढला. आपल्या देवगड हापूसवाल्यांना ही गोष्ट सांगितली तर ते म्हणतील, अरे हे तर आमचंच दुःख आहे.

१९३० च्या दशकात आणखी एक मोठी गोष्ट झाली. कॅटरपिलरच्या डिझेल ट्रॅक्टरांमध्ये पिस्टनच्या रिंगा काजळीने चिकटून बसायच्या. त्यावर उपाय म्हणून तेलात साबणासारखं काम करणारी रसायनं घालायला लागले. ही रसायनं काजळी धरून ठेवतात, इंजिनात बसू देत नाहीत. म्हणून असं तेल लवकर काळं होतं. म्हणजे काळं तेल हे बहुतेक वेळा काम करत असलेलं तेल असतं! आजही डिपस्टिक पुसून 'काळं पडलं, खराब झालं' असा निकाल देणारे काका प्रत्येक सोसायटीच्या पार्किंगमध्ये असतात. त्यांच्याशी वाद घालू नका, चहा पाजतात. पुढे १९४० च्या दशकात झिजेपासून वाचवणारी, जस्त असलेली रसायनं आली. तिथून पुढे 'तेल' म्हणजे नुसतं तेल राहिलं नाही. मूळ तेल अधिक रसायनं अशी ती रेसिपी झाली. आणि रेसिपीत काय काय आहे हे डब्यावर लिहिण्याची सक्ती कुणावरच नव्हती.

'प्रीमियम' हा शब्द कुठून आला

आता माझा आवडता तुकडा. १९४७ मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने, म्हणजे एपीआयने, इंजिन ऑइलचे तीन वर्ग केले. (आपलं सॉफ्टवेअरचं एपीआय वेगळं. मलाही गूगल करताना आधी भलतंच सापडत होतं.) ते तीन वर्ग होते रेग्युलर, प्रीमियम आणि हेवी ड्यूटी. रेग्युलर म्हणजे साधं खनिज तेल. प्रीमियम म्हणजे त्यात तेल लवकर खराब होऊ नये म्हणून घातलेलं रसायन. हेवी ड्यूटी म्हणजे त्याशिवाय काजळी धरणारी रसायनं.

म्हणजे बघा, 'प्रीमियम' हा शब्द एके काळी तांत्रिक वर्ग होता. त्याला ठरलेला अर्थ होता. आणि गंमत म्हणजे तो सर्वात वरचाही नव्हता, मधला होता. आज दुकानात सोनेरी झाकणाच्या बाटलीवर जो 'प्रीमियम' असतो, त्याला कुणीही दिलेला अर्थ नाही. अर्थ गेला, शब्द राहिला, आणि किंमत चढली.

तो वर्ग फार टिकला नाही, कारण पेट्रोल आणि डिझेल इंजिनांच्या गरजा वेगळ्या. १९५२ मध्ये नवी अक्षरं आली, आणि १९७० च्या सुमारास आजची पद्धत बसली. पेट्रोल इंजिनासाठी 'एस'पासून सुरू होणारी जोडी : एसए, एसबी, एससी असं पुढे. इंजिनं बदलली की नवं अक्षर. २०१० मध्ये एसएन आलं, २०२० मध्ये एसपी. आपल्या भाषेत सांगायचं तर हे व्हर्जन नंबर आहेत. नव्या व्हर्जनने जुन्याची कामं करावीत अशी अपेक्षा असते. (जुनी बुलेट सांभाळणारे यावर भांडतात. प्रदूषण रोखणारं यंत्र खराब होऊ नये म्हणून नव्या तेलांत फॉस्फरसवर मर्यादा आणली, आणि झिजेपासून वाचवणाऱ्या त्या जस्तवाल्या रसायनातही फॉस्फरस असतो. त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, पण आपल्या श्रोत्याची गाडी बीएस-६ आहे, त्याला हा वाद नको.)

१९८३ मध्ये एपीआयने गोल चिन्ह आणलं, मधे भोक असलेल्या मेदूवड्यासारखं. त्यात अक्षरं आणि घट्टपणाचा आकडा. हे चिन्ह छापायला परवाना लागतो. उलट डब्यावर नुसतं 'एपीआय एसएन दर्जानुसार' असं लिहिलेलं असेल तर तो कंपनीचा स्वतःचा दावा. दावा खोटाच असतो असं नाही, मोठ्या कंपन्यांचा बहुधा खरा असतो. पण चिन्ह आणि वाक्य यांत फरक आहे, तो बघायला दोन सेकंद लागतात.

अक्षर न बघितल्याने काय होतं याचं उदाहरण अमेरिकेतलंच. डॉलर जनरल ही तिथली स्वस्तातल्या वस्तूंची दुकानसाखळी. तिने स्वतःच्या नावाचं स्वस्त इंजिन ऑइल चांगल्या तेलांच्या शेजारीच मांडून विकलं. ती तेलं जुन्या अक्षरांची होती. काही १९८८ नंतरच्या बहुतेक गाड्यांना न चालणारी, तर एक चक्क १९३० नंतरच्या गाड्यांना न चालणारं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत तसं छापलेलंही होतं! २०१५ पासून ग्राहकांनी खटले भरले आणि २०२१ मध्ये सुमारे २ कोटी ८५ लाख डॉलरचा समझोता झाला. विचार करा, तेल भेसळीचं नव्हतं, लेबल खोटं नव्हतं. फक्त २०१५ च्या गिऱ्हाइकाला १९३० चं तेल मिळत होतं. आणि ते घेणारा कोण, तर ज्याला शे-दोनशे वाचवायचे आहेत तोच.

म्हणजे महागातलं घ्या आणि मोकळे व्हा? थांबा. दुसऱ्या बाजूलाही एक किस्सा आहे.

सिंथेटिकची भानगड

मोबिल वन हे सिंथेटिक तेल १९७४ मध्ये बाजारात आलं. सिंथेटिक म्हणजे कच्च्या तेलातून गाळून काढलेलं नव्हे, तर प्रयोगशाळेत ठरवल्याप्रमाणे रेणू जोडून बनवलेलं. पीएओ म्हणतात त्याला. महाग असतं, पण कडाक्याच्या थंडीत वाहतं आणि प्रचंड उष्णतेत टिकतं.

नव्वदच्या दशकात रिफायनऱ्यांनी खनिज तेलावरच हायड्रोजनची इतकी कडक प्रक्रिया केली की त्याचे गुण सिंथेटिकच्या जवळ गेले. कॅस्ट्रॉलने अमेरिकेत आपल्या 'सिंथेटिक' तेलात असं मूळ तेल वापरलं. मोबिलने तक्रार केली की हे सिंथेटिक नाहीच. तक्रार तिथल्या जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे गेली आणि १९९९ मध्ये निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला. तेव्हापासून 'सिंथेटिक' हा शब्द सैल झाला. आज 'फुल सिंथेटिक' लिहिलेल्या बाटलीत यांपैकी कुठलंही तेल असू शकतं. दोन्ही चांगलीच आहेत, पण बनवण्याच्या खर्चात फरक आहे आणि तो फरक दुकानातल्या किमतीत दिसेलच असं नाही. 'सेमी सिंथेटिक'चं तर विचारूच नका. अर्धं म्हणजे किती अर्धं, हे डबा सांगत नाही.

आपल्याकडे काय झालं

भारतात तेलाचा धंदा स्वातंत्र्यानंतरही बराच काळ बर्मा-शेल, एस्सो, कॅल्टेक्स यांच्या हातात होता. वंगणासाठी लागणारं मूळ तेल इथेच बनावं म्हणून एस्सो आणि भारत सरकार यांची 'ल्यूब इंडिया' ही भागीदारी झाली आणि १९६९ मध्ये मुंबईत माहुल-ट्रॉम्बे भागात वंगणाची रिफायनरी सुरू झाली. चेंबूरवाल्यांनो, तुमच्या उशाशी. १९७४ मध्ये एस्सोचा कारभार सरकारने घेतला आणि हिंदुस्थान पेट्रोलियम झाली, १९७६ मध्ये बर्मा-शेल गेली आणि पुढे भारत पेट्रोलियम झाली. इंडियन ऑइलने १९७२ मध्ये 'सर्व्हो' हा ब्रँड आणला आणि त्याच वर्षी फरीदाबादला संशोधन केंद्र काढलं.

यातून बाजाराची विभागणी झाली. पेट्रोल पंप सरकारी कंपन्यांचे, तर तिथे सरकारी तेल. कॅस्ट्रॉलसारख्या कंपन्यांना पंप नव्हते, त्यांनी स्पेअर पार्टची दुकानं आणि गॅरेजं धरली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बाजार खुला झाला आणि परदेशी नावांची रांग लागली. ती सगळी त्याच दुकानांत आणि गॅरेजांत आली. तेव्हापासून आपल्याकडे ऑइलचा ब्रँड ठरवतो तो मेकॅनिक. आणि मेकॅनिकला कूपन, पॉइंट, भेटवस्तू देणाऱ्या योजना तेव्हापासून आजतागायत चालू आहेत. मेकॅनिक लबाड असतो असं मी म्हणत नाही. पण त्याच्या सल्ल्यात कूपनचा वाटा किती, हे तुम्हाला कळायचा मार्ग नाही.

दुसऱ्या टोकाला होतं सुटं तेल. जुनी पिढी सांगेल : पंपावर पिंप, त्याला हातपंप, पत्र्याचं माप. चेतक, राजदूत, लूना, रिक्षा, सगळी टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्येच टू-टी ऑइल मिसळायचं, आणि मग स्कूटर डावीकडे-उजवीकडे हलवायची, नीट मिसळावं म्हणून. आमच्या बाबांना ती सवय इतकी होती की घरात पहिली फोर-स्ट्रोक गाडी आली तरी पेट्रोल भरल्यावर ते ती हलवायचे.

या सुट्या तेलात काय असायचं? पुष्कळदा टू-टी नसलेलं साधं खनिज तेल, कधी वापरलेलं गाळून परत आलेलं. वर्ल्ड बँकेच्या २००० सालच्या एका अहवालात दक्षिण आशियातल्या रिक्षांबद्दल हेच सापडतं : तेल चुकीच्या प्रकारचं आणि प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त. जास्त तेल घातलं की इंजिन जास्त टिकतं, अशी समजूत होती. पण समजुतीपेक्षा मला दुसरं कारण महत्त्वाचं वाटतं. रिक्षा भाड्याची असली की तेलाचे पैसे चालक देतो आणि इंजिनाचा खर्च मालकाचा. मग चालक महागाचं तेल का घेईल? त्याच्या बाजूने त्याचा हिशेब बरोबरच होता. धूर मात्र सगळ्यांच्या नाकात.

कायदा नव्हता असं नाही. जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली वंगण तेल आणि ग्रीसच्या प्रक्रिया, पुरवठा आणि वितरणाचं नियमन करणारा आदेश १९८७ मध्येच निघाला होता. पण पिंपातलं तेल तपासणार कोण? फरक पडला तो दिल्लीच्या हवेमुळे. जुलै १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीसाठी आदेश दिला : वर्षअखेरपर्यंत सुटं टू-टी ऑइल बंद, आणि पंपावर आधीच मिसळलेलं पेट्रोल द्यायचं. म्हणजे तेल निवडायचं कामच चालकाच्या हातून काढून घेतलं. यंत्र ठरलेल्या प्रमाणात मिसळणार. इंजिनं वाचवणं हा हेतू नव्हता, तरी दर्जाचा प्रश्न ज्या रीतीने सुटला ती मला फार आवडते. लाखो लोकांना 'चांगलं तेल घ्या' म्हणून समजावत बसण्यापेक्षा पिंप उचलून नेला.

त्यानंतर फोर-स्ट्रोक बाइकांचा जमाना आला आणि वेगळीच अडचण उभी राहिली. कारमध्ये इंजिनाचं तेल वेगळं, गिअरचं वेगळं. बाइकमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच तिन्ही एकाच तेलात बुडालेले. कारची नवी तेलं पेट्रोल वाचावं म्हणून जास्त निसरडी केली गेली. तीच बाइकमध्ये घातली की क्लच घसरायला लागला. म्हणून जपानी कंपन्यांनी नव्वदच्या दशकाच्या शेवटी बाइकसाठी स्वतःचा दर्जा काढला : जासो. त्यात 'एमए' म्हणजे क्लच धरणारं तेल, बाइकसाठी. 'एमबी' म्हणजे जास्त निसरडं, ज्यांचा क्लच तेलात नसतो अशा गिअर नसलेल्या स्कूटरसाठी. २००६ मध्ये एमएचेही दोन भाग झाले, त्यातलं एमए२ जास्त पकड देणारं. म्हणजे कारचं हजार रुपयांचं उत्तम सिंथेटिक बाइकमध्ये घातलं तर साडेतीनशेच्या बाइकच्या तेलापेक्षा वाईट ठरू शकतं. महाग तेल वाईट नाही, ते दुसऱ्याच यंत्रासाठी आहे.

तर त्या मित्राला मी काय सांगितलं

आधी हिशेब. दिवसाला सरासरी ११० किलोमीटर, महिन्याला २६ दिवस, म्हणजे साधारण २,९०० किलोमीटर. दर तीन हजारांना साधारण एक लिटर बदललं तर साडेतीनशेचं तेल किलोमीटरला १२ पैशांच्या आसपास पडतं, नऊशेचं ३० पैसे. पेट्रोल त्याच किलोमीटरला पावणेदोन-दोन रुपये खातं. म्हणजे दोन्ही तेलं पेट्रोलपुढे किरकोळ, पण महिन्याचे साडेपाचशे रुपये त्याच्यासाठी किरकोळ नाहीत.

मग त्याला म्हटलं, गाडीचं मॅन्युअल काढ. सीटखाली नसेल तर कंपनीच्या साइटवर पीडीएफ मिळतं. त्यात तीन गोष्टी बघ : आकडा, एपीआयचं अक्षर, जासोचं अक्षर. तिन्ही जुळणारं आणि ज्याची स्वतःची रिफायनरी आहे अशा कंपनीचं साधं तेल घे. सर्व्हो, मॅक, एचपी हे सगळे त्यात आले, पंपावर मिळतात, छापील किमतीला मिळतात. आणि ते वेळेवर बदल. माझं स्पष्ट मत आहे की वेळेवर बदललेलं साडेतीनशेचं तेल, 'भारी टाकलंय, चालेल अजून' म्हणून दुप्पट ताणलेल्या नऊशेच्या तेलापेक्षा त्याच्या इंजिनाला जास्त जपेल. मॅन्युअलमध्येच सिंथेटिक सांगितलं असेल तर मात्र तिथे काटकसर करायची नाही.

त्याच्या गाडीचं इंजिन हवेवर थंड होणारं. सिग्नलला दहा-दहा मिनिटं उभं राहिलं की ते भट्टी होतं आणि थोडं थोडं तेल जळतं. म्हणून दर रविवारी पातळी बघायची. तीन मेकॅनिकांना विचारलं, तिघांनीही हेच सांगितलं : इंजिन जाम होऊन येणाऱ्या बाइकांत हलक्या तेलापेक्षा तेल संपलेल्या जास्त असतात. (या एका मुद्द्यावर माझे मेकॅनिकलचे तिन्ही गट एक झाले, हे ऐतिहासिकच.)

राहता राहिली नकली बाटली. मोठ्या ब्रँडचीच नक्कल होते, कारण फायदा तिथेच. नकली तेलवाल्याला सर्वात कठीण जाते ती बाटली बनवणं. म्हणून तो अस्सल रिकामी बाटली भंगारातून उचलतो, तिच्यात हवं ते भरतो आणि वर नवं सील लावतो. त्यामुळे एमआरपीपेक्षा फारच कमी भाव सांगितला तर दुकान सोडा. झाकणाखालचं सील आणि बॅच नंबर बघा, क्यूआर कोड असेल तर स्कॅन करा. तेल आपल्यासमोर उघडून ओतायला सांगा. आणि रिकामी बाटली गॅरेजात ठेवून येऊ नका. खिळ्याने दोन भोकं पाडा, झाकण वेगळं करा, मग टाका. काढलेलं जुनं तेल मात्र गटारात नको, ते गॅरेजच्या पिंपातच जाऊ द्या. तिथून ते परवानाधारक रिसायकलरकडे जायला हवं, असा नियम आहे. तुमच्या गॅरेजवाल्याचं तेल कोण घेऊन जातो, हे एकदा विचारून बघा आणि मला व्हॉइस मेसेज पाठवा. पुढचा भाग त्यावरच करायचा विचार आहे.